रायफलीचं मुसकं

“आत कुणी न्हाई. एक पोरगी बसलीया नुसती.”

उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसानं मागे वळून जीपमधल्या कुणाला तरी हे सांगितलं. मी काउंटरमागे एका दुनळी बंदुकीची स्प्रिंग बसवत होते. चिमट्यात स्प्रिंग धरलेली असताना मान वर करता येत नाही. केली, तर स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते आणि पुढचा सगळा वेळ गुडघ्यांवर रांगण्यात जातो. म्हणून मी खाली बघतच राहिले आणि त्या माणसाचा समज आणखी पक्का झाला.

जीपमधून आवाज आला, “पोरगी तर पोरगी. दुकान उघडं हाय न्हवं?”

आणि एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा फेटा, काळा कोट, कातरलेल्या मिशा. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. हातात हिरव्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली रायफल. ती त्यांनी काउंटरवर ठेवली ती नळीचं तोंड भिंतीकडे करून, आणि मी काही म्हणायच्या आत बोल्ट मागे ओढून आत काडतूस नसल्याचं दाखवलं. न सांगता हे करणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. तोवर माझी स्प्रिंग जागेवर बसली होती. मी उठून उभी राहिले.

“हवालदार न्हाईत व्हय?”

मी मान हलवली.

“कवा येतील?”

याचं उत्तर मानेनं देता येण्यासारखं नव्हतं. “बाबा मिरजेला आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं,” मी म्हणाले.

“मग काम कोण करतंय?”

मागच्या बाकावर बंदुकीचा लाकडी दस्ता तासत बसलेल्या गफूरचाचांनी हातातला रंधा न थांबवता सांगितलं, “तीच करते, सुभेदार. बसा.”

आमचं दुकान साताऱ्यात आहे. बंदुकांच्या दुरुस्तीचं, सरकारी परवान्यानं चालणारं. बाबा फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त ठेवणारे. आई मी लहान असतानाच गेली. बाबांच्या बदल्या होत राहायच्या, म्हणून त्यांनी मला पाचगणीच्या एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथून बाहेर पडले तेव्हा मला पियानोवर दोन धून वाजवता येत होत्या आणि चुलीला पोतेरं द्यायचं म्हणजे काय करायचं ते माहीत नव्हतं. बाबा निवृत्त झाले, त्यांनी दुकान टाकलं. मी सुट्टीत येऊन त्यांच्यासमोर बसायची ती बसलेच. कोणी मला या कामाला लावलं नाही. बाबा एखादी गोष्ट खोलायचे आणि मी बघायची. पुढे पुढे ते खोलायचे आणि मी जोडायची.

माझं मराठी तेव्हा पाठ्यपुस्तकातलं होतं. एकदा एका शेतकऱ्याला मी “आपण आसनस्थ व्हा” असं म्हणाले. तो घाबरून उभाच राहिला आणि दुकानातले बाकीचे पोट धरून हसले. तेव्हापासून मी मानेनं बोलायला शिकले. होय, नाही, उद्या या, बाबा जेवायला गेलेत, एवढं सगळं मानेनं सांगता येतं.

लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात रोज मोठे शिकारी आणि शूरवीर येत असतील. आमच्याकडे येतात ते बहुतेक ऊसवाले. रानडुकरं उसात घुसतात, त्यांना पिटाळायला घरात एक जुनी बंदूक असते. नाहीतर निवृत्त फौजी. निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, तेव्हा आमचं मागचं दालन गच्च भरतं. आणि दसऱ्याच्या आधी घाई असते, कारण खंडेनवमीला हत्याराची पूजा करायची तर ते स्वच्छ हवं. बंदूक वापरून फारशी बिघडत नाही. ती बिघडते खुंटीला राहून.

कोरेगावकडचा एकजण ‘बंदूक उडत न्हाई’ म्हणून घेऊन आला होता. काडतूस सादळलेलं निघालं. पण बाबांनी नळी उजेडाकडे धरून डोळा लावला तर पलीकडे अंधार. कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं होतं, पिलांसकट. बाबा म्हणाले, “काडतूस चांगलं असतं तर नळी फाटून तुमच्या तोंडावर आली असती.” तो शांतपणे म्हणाला, “आवं, मग त्या पावसालाच नारळ फोडाय पायजे. त्यानंच सादळवलं.”

एक निवृत्त मामलेदार महिन्यातून एकदा यायचे. त्यांच्या बंदुकीत कधीच काही बिघाड नसे. बाबा ती उघडून तेलाचा बोळा फिरवायचे आणि परत द्यायचे, तेवढ्यात मामलेदार बोलून घ्यायचे. त्यांच्या घरी बोलायला कोणी नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. खरं म्हणजे ते सगळ्यांच्या आधी माझ्याच लक्षात यायला हवं होतं.

तर ते सुभेदार. औंधच्या रस्त्याला त्यांचं गाव. उंबऱ्यातून बोललेला माणूस त्यांचा पुतण्या जयसिंग. सांगलीला त्याचा ट्रकचा धंदा होता, हातात सोन्याचं घड्याळ होतं आणि तो दुकानात आल्यापासून ते बघत होता.

रायफलीच्या नळीच्या तोंडावर चार बोटं लांबीचं एक पोलादी नळकांडं पेचानं बसवलेलं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना तिरपी भोकं. गोळीमागून सुटणारा वायू या भोकांतून बाजूला फेकला जातो, त्यामुळे रायफल खांद्याला जो धक्का देते तो कमी होतो. आवाज मात्र वाढतो, आणि तोही मारणाऱ्याच्याच कानाकडे येतो. फौजेत त्याला मझल ब्रेक म्हणतात. सुभेदार त्याला मुसकं म्हणत होते. मळणीच्या बैलानं कणसात तोंड घालू नये म्हणून बांधतात ते मुसकं.

“ह्ये माझ्या थोरल्यानं केलंय,” सुभेदार म्हणाले. “संभाजीनं. फौजेत फिटर हुता. माझा ह्यो खांदा पासष्टच्या लढाईत गेला. नंतर रायफल मारली की दोन-दोन दिस हात वर व्हायचा न्हाई. त्यो सुट्टीवर आला, मलकापूरला कुणाच्या तरी लेथवर जाऊन बसला, आन् ह्ये करून चढवलं. म्हणला, आता मारा आबा. मारली. खांद्याला कळलंबी न्हाई, पर कान बसलं की माझं. मी म्हणालो, बैलागत मुसकं घातलंस रं रायफलीला, आन् वर बोंबलायबी लावलंस तिला.”

गफूरचाचा हसले. सुभेदार हसले नाहीत.

“त्यो काय बोलला न्हाई. सुट्टी सपली, गेला. एकाहत्तरच्या लढाईत ऱ्हायला तिकडंच. हाडंबी घरी आली न्हाईत.”

जयसिंगनं घड्याळ बघितलं. “तात्या, ह्यास्नी कामाचं सांगा.”

कामाचं असं होतं. सुभेदारांना आता नीट दिसत नव्हतं नि हातही चालत नव्हता, म्हणून रायफलीचा परवाना जयसिंगच्या नावावर झाला होता. दसऱ्याला सोनं लुटायला गाव शिवेवर जातं, तेव्हा तिथं एक बार काढायचा मान त्यांच्या घराण्याचा. मुलगा गेल्यापासून सुभेदारांनी तो काढला नव्हता. यंदा जयसिंग काढणार होता आणि त्याला ते नळकांडं नको होतं. त्यानं स्वतः पान्यानं काढायचा प्रयत्न केल्याच्या खुणा पोलादावर ताज्या दिसत होत्या.

“कापा की सरळ,” तो मला म्हणाला. “करवतीचं काम. त्यात काय एवढं?”

“कापायचं न्हाई.” सुभेदारांनी त्या नळकांड्यावर तळहात ठेवला. “रायफल तुझी. ह्ये माझं. मला ह्ये अख्खं पायजे. त्याच्या हातची दुसरी चीज न्हाई माझ्याकडं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “निघंल न्हवं, पोरी? अख्खं?”

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकलं’ एवढाच असतो. सुभेदारांनी तो शब्द म्हणून घेतला. हात जोडले आणि उठले.

अडकलेला पेच काढण्याच्या रीती साध्या आहेत. आधी बोल्ट काढून घ्यायचा आणि नळी आरपार बघायची, म्हणजे आत काही नाही याची खात्री. मग रॉकेल आणि तेल सांध्यावर सोडायचं आणि थांबायचं. तेल गंजातून वाट काढतं, पण त्याला माणसासारखी घाई नसते. मग नळी चामडं लावून शेगड्यात, म्हणजे पकडीत, आवळायची आणि जपून पिळायचं. जोर करण्यात अर्थ नाही. नळी पिळली गेली तर रायफल संपली, नळकांडं चेपलं तर तेही संपलं. नाहीच हललं तर स्पिरिटच्या दिव्यावर थोडं गरम करायचं. लोखंड फुगतं आणि गंजाची पकड सुटते.

हे सगळं मी केलं. ते हललं नाही. दसरा जवळ येत चालला आणि बाकीची कामं साचत गेली. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिल्यांदा मी त्या नळकांड्याला हात लावून बघायची आणि रोज ते कालच्याइतकंच थंड आणि घट्ट असायचं.

गफूरचाचा माझ्याच्यानं होत नाही हे बघत होते, पण बोलत नव्हते. ते मूळचे मिरजेचे, सतारी-तंबोरे करणाऱ्या घरातले. भावकीत बिनसलं म्हणून साताऱ्याला आले आणि बंदुकीचे दस्ते करायला लागले. अजून दस्ता तासून झाला की टिचकी मारून कानाशी धरतात. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी माझ्या नळकांड्यालाही टिचकी मारली. ऐकलं. “मुकं आहे, बेबी,” ते म्हणाले. “आत काहीतरी भरलंय. कापायला लागतं बघ.”

रविवारी मी मिरजेला गेले. मोतीबिंदू काढल्यावर तेव्हा दिवसच्या दिवस हलू देत नसत. बाबा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून उताणे पडले होते, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. शेजारच्या खाटेभोवती त्या पेशंटची सगळी वाडी जमली होती आणि पिठल्याचा डबा हातोहात फिरत होता. मी बाबांच्या खाटेशी स्टुलावर बसले. आम्ही दोघं तसे कमी बोलतो. दुकानात मध्ये एखादी बंदूक असते, म्हणून ते जाणवत नाही. इथं मध्ये काही नव्हतं.

बाबांनी माझा हात चाचपडून धरला आणि नाकाशी नेला.

“रॉकेल. काय अडकलंय?”

मी सांगितलं.

“दिवा लावून बघितलास?”

“बघितला.”

“हललं?”

“नाही.”

त्यांनी माझा हात सोडला. “मग काप. उभा काप घे, आतल्या नळीला लागू देऊ नकोस. नळी वाचव. गिऱ्हाईक नळीसाठी येतं.”

हे गिऱ्हाईक नळीसाठी आलेलं नाही, असं मी म्हणाले, पण मनात. डॉक्टरांनी त्यांना त्रास देऊ नका म्हणून बजावलं होतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे बाबांचं म्हणणं बरोबर होतं. कुठल्याही आर्मररनं तेच सांगितलं असतं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना ऊस. समोरच्या बाईंनी भाकरी सोडली, मला अर्धी दिली आणि विचारलं, “काय करतीस गं, बाय?” मी शाळेत शिकवते, असं सांगून टाकलं. ते सोपं पडतं. खरं सांगितलं की पुढचे प्रश्न येतात. साताऱ्यात एकदा मला बघायला आलेल्या बाईंनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले, नखांतलं काळं बघितलं आणि चहाला न थांबता उठल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण हातात अर्धी भाकरी धरून बसले असताना मला वाटलं, या जगात रायफलीतलं कळणारी मला माहीत असलेली दोनच माणसं, आणि दोघंही काप म्हणतात. तिसरं कोणी नाही ज्याला विचारावं.

सोमवारी दुकान उघडलं तर पकडीत आवळलेल्या रायफलीवर मुंग्या होत्या.

लाल, बारीक मुंग्या. बाकाच्या पायावरून वर, पकडीवरून नळीवर, आणि तिथून थेट नळकांड्याच्या सांध्याशी. रात्रीत आतून काही पाझरून तिथं तपकिरी थेंब साचला होता आणि मुंग्या त्याभोवती गोल करून बसल्या होत्या. मी इतकी वर्षं गंज, शेंदूर, मेण, माती आणि पालीची अंडी बंदुकांवर बघितली होती. मुंग्या बघितल्या नव्हत्या. रॉकेलला मुंग्या येत नाहीत.

त्याच दुपारी सुभेदार एकटेच एसटीनं आले. “जयसिंगला सांगू नगस मी आल्तो म्हणून,” ते म्हणाले आणि माझ्या बाकाशी जाऊन नळकांड्यावर बोट फिरवून आले. ते अजून जागेवर आहे याचा त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, मला कळलं नाही.

मी त्यांना पाणी दिलं. मग विचारलं. मी गिऱ्हाइकाला आपणहून प्रश्न विचारल्याचं बघून गफूरचाचांचा रंधा थांबला.

“याला... तुम्ही काय लावता?”

“ह्येला?” सुभेदारांचा चेहरा उजळला. “आगं, दर खंडेनवमीला पूजा करतो मी. मी सवता. बाकी हत्यारास्नी नुसतं हळदीकुकू. ह्येला पंचामृत. घरच्या गाईचं दूध, दही, तूप, मध, साखर. तोंड वर करून उभी करायची, नळीत बोळा घालायचा आन् मुसक्यावर वतायचं, देवाला घालतो तसं. मग पुसायचं न्हाई, तसंच वाळू द्यायचं. त्यो गेला तवापासनं एकबी साल चुकलं न्हाई बघ.” थोडं थांबून ते म्हणाले, “त्याला निवद दावाय जागा न्हाई न्हवं कुठं.”

मी मान हलवली.

ते गेल्यावर मी सांध्यावरचा तो थेंब पुन्हा बघितला. दर वर्षी थोडं थोडं, सांध्यातून आत, आट्यांमध्ये, म्हणजे पेचाच्या खाचांमध्ये. दूध, दही आंबून लोखंडाला गंज चढवत गेलं, आणि त्या गंजाला साखर आणि मधानं बांधून टाकलं. त्यावर मी तेल सोडत होते, आणि तेलानं साखर कधीच विरघळत नाही. वर दिवा लावून मी त्याचा पाक करून ठेवला होता.

वसतिगृहात जॅमच्या बाटलीचं झाकण असंच धरून बसायचं. आमच्या मेट्रन ती बाटली उकळत्या पाण्याच्या वाडग्यात उलटी ठेवायच्या आणि आम्हा मुलींना प्रार्थना म्हणायला लावायच्या. प्रार्थना संपेपर्यंत झाकण सुटलेलं असायचं. बराच काळ मला ते प्रार्थनेमुळे सुटतं असं वाटायचं.

मी स्टोव्ह पेटवून चहाची किटली वर ठेवली.

“चहा?” गफूरचाचांनी विचारलं.

“नाही. रायफलीला.”

ते उठून उभे राहिले. “या अल्ला! लोखंडाला पाणी? बेबी, हवालदारसाहेब आले तर पहिला मला हाकलतील.”

आमच्या दुकानात पाण्याचा हात बंदुकीला लागू द्यायचा नाही असा दंडक आहे. बाबा पावसाळ्यात गिऱ्हाइकाची छत्रीसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. मी नळीत दोन्हीकडून मेणाचे बूच घट्ट बसवले, रायफल तोंड खाली करून टांगली आणि तिचं तोंड गरम पाण्याच्या तांब्यात सोडलं. पाणी निवलं की बदलायचं. पहिलं पाणी तपकिरी झालं. दुसरं त्याहून काळं. दुकानात करपलेल्या खरवसासारखा वास सुटला. गफूरचाचा नाकाला पंचा लावून बसले, पण किटली भरून आणून देत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी बदलताना, मी नळकांड्याभोवती चामड्याची पट्टी गुंडाळून पीळ दिला. काही झालं नाही. परत दिला. हाताला आधी कळलं, मग कानाला. वाळू चावल्यासारखा बारीक आवाज आला आणि ते केसभर सरकलं.

मी सोडून दिलं. आणखी पाणी, मग तेल, मग पुन्हा. केसभर पुढे, केसभर मागे. संध्याकाळी ते फिरत फिरत सुटून माझ्या हातात आलं.

आनंदानं ओरडावं अशी माझी सवय नाही आणि गफूरचाचा नमाजाला गेले होते. दुकानात मी आणि ते नळकांडं. नळीचं तोंड आणि नळकांडं दोन्ही वाळवून, गरम करून, तेलात बुडवून मी ती घासून काढली आणि दिव्याखाली धरली.

आटे सरळ होते. गंजानं थोडे खाल्लेले, पण पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्यापर्यंत सारख्या उतरणीचे, कुठे घाई नाही, कुठे दात सुटलेला नाही. भोकं एका ओळीत. आणि प्रत्येक भोकाची आतली कड बारीक कानशीनं मोडून गुळगुळीत केलेली. ती कड बाहेरून कुणाला दिसणार नव्हती. तिचा उपयोग एकच, की म्हाताऱ्या माणसानं चिंधीनं आतून पुसताना बोट कापू नये. मी बोट आत घालून फिरवून बघितलं. मी त्या माणसाला कधी बघितलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत एखाद्या माणसाची एवढी ओळख मला झाली नव्हती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर, पायरीवर, सगळीकडे माणसं. कुणी बंदूक न्यायला, कुणी नुसतेच बघायला. सुभेदार आणि जयसिंग आले. मी रायफल जयसिंगसमोर ठेवली आणि नळकांडं एका पांढऱ्या फडक्यात सुभेदारांसमोर.

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. “अख्खं,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “लय तरास दिला का गं ह्येनं तुला?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

“देणारच की,” जयसिंग म्हणाला. तो रायफल खांद्याला लावून दारातून बाहेर नेम धरत होता. “सुट्टीवर आलेल्या माणसाचं घाईचं काम ते. आटं वाकडं पडलं, की चढवताना चढतंय आन् मग मरस्तोवर निघत न्हाई. आमच्या ट्रकच्या नटाचं असंच हुतंय, शिकाऊ पोरानं लावला की. संभाजीदादा हुशार हुता, पर हात कच्चा हुता त्येचा.”

“कच्च्या हाताचं असंच,” पायरीवरचा कुणीतरी म्हणाला, काही माहीत नसताना.

मला वाटलं सुभेदार चिडतील. ते चिडले नाहीत. फडक्याची घडी घालत म्हणाले, “असंल बाबा. घाईतच केलं त्यानं. सुट्टी थोडकी हुती. असंल वाकडं.”

गफूरचाचांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. बाबांचा एक नियम आहे: गिऱ्हाइकाची चूक चारचौघांत सांगायची नाही. तो मी कधी मोडला नव्हता, आणि मोडावा लागेल इतकं मी कधी बोललेही नव्हते. गप्प राहिले असते तर सुभेदार ती वस्तू घेऊन गेले असते, उद्या तिला पंचामृत घातलं असतं आणि दर वर्षी ते ओतताना मनाशी म्हणाले असते की पोराचं काम वाकडं होतं. बोलले, तर ते ओतणंच मी त्यांच्या हातून काढून घेणार होते. एवढी वर्षं त्यांनी जे एकच केलं होतं, ते. दोहोंतलं एकच त्यांच्याकडे राहणार होतं.

ते उठले. फेटा सारखा केला. माणसांनी त्यांना वाट करून दिली आणि ते दारापर्यंत पोचले.

“थांबा,” मी म्हणाले.

आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. सगळं दुकान वळून बघायला लागलं. जयसिंगनं रायफल खाली घेतली.

“आटे वाकडे नाहीत, काका. इतके सरळ आटे मी कोणाच्याच हातचे बघितलेले नाहीत. ते चिकटलं होतं पंचामृतानं. यापुढे तेल लावा, नुसतं तेल, आणि बोट आत घालून पुसा. तुमचं बोट कापू नये म्हणून संभाजींनी आतून कड मोडून ठेवली आहे.”